पक्षिशास्त्रातील उमेदवारी



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत पक्ष्यांवर बोलावयास उभे राहावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही आहे ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कचेरीत रात्री दिवा लावून आणि आमच्याहून अधिक शिकलेल्यांना प्रश्न विचारून मिळविलेले आहे. तेव्हा पक्षिशास्त्रातील अधिकारी म्हणून आम्ही बोलत नाही. परंतु माणूस कामावर कसा घेतला जातो, त्याला काम कोण शिकवितो, त्याची मजुरी कोण देतो आणि शेवटी नाव कोणाचे लागते, या चार प्रश्नांत आमची तीस वर्षे गेली. तेच चार प्रश्न घेऊन आज आम्ही पक्षिसंशोधनाच्या इतिहासात शिरणार आहोत.

निमित्त असे घडले. इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कामगाराची मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली. पक्ष्यांच्या जीवनाचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या विद्यापीठीय संशोधन-गटात शिरावे, पुढे पीएच.डी. करावी, ही तिची इच्छा. तिने एका संस्थेला अर्ज केला होता. त्याचे उत्तर घेऊन ती एका संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आली. "काका, हे जरा वाचून बघा," म्हणाली. उत्तर सभ्य भाषेत होते. पहिले सहा महिने तिने स्वखर्चाने, विद्यावेतनाशिवाय काम करावे. काम पसंत पडल्यास पुढे विचार करू, असे त्यात लिहिले होते. मुलगी म्हणाली, "बाबांना सांगायचा धीर होत नाही. सहा महिने बिनपगारी म्हणजे काय, ते तुम्हीच त्यांना सांगा."

त्या रात्री आम्ही तिला उत्तर दिले नाही. कारण संस्थेचे म्हणणे आम्हांला अगदीच खोटे वाटले नाही. मागावर बसणारा पोरगाही आधी मागाशेजारी उभा राहून हात बसवितो. उमेदवारी कोणाला चुकली आहे? तेव्हा ज्यांनी या शास्त्रात नाव मिळविले ते आत कसे शिरले, हे पाहावे असे आम्ही ठरविले. आजचे व्याख्यान हे त्या वाचनाचे फळ आहे.

आधी हे शास्त्र कोणते ते सांगितले पाहिजे. पक्षी कोणता, त्याचा रंग कसा, एवढ्यावर पूर्वी पक्षिशास्त्र थांबत असे. परिस्थितिविज्ञान त्यापुढचे विचारते. ही मादी नऊच अंडी का घालते? त्यांतून किती पिले उडतात, किती पुढचा वसंत पाहतात? अळ्या लवकर निघाल्या तर काय होते? या प्रश्नांची उत्तरे एका फेरफटक्यात मिळत नाहीत. तीच जागा, तेच पक्षी, वर्षानुवर्षे मोजावे लागतात. म्हणून हे एकट्याचे काम नव्हे. एक प्रमुख, पीएच.डी. होऊन अधिक अनुभवासाठी राहिलेले एक-दोन संशोधक, पीएच.डी. करणारे विद्यार्थी आणि शेतमळ्यांत, रानांत हिंडणारे मदतनीस, असा एक गट लागतो. गिरणीतल्या एखाद्या खात्यासारखेच हे खाते. आता त्याचे दार पाहू.

पहिले दार बर्लिनचे. मार्च १९२३ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्ग येथील तळ्यावर एर्न्स्ट मायर नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला मोठ्या लालसरी बदकांची जोडी दिसली. त्या भागात पुष्कळ वर्षांत या पक्ष्याची नोंद झालेली नव्हती. मुलाचे कोणी खरे मानीना. तो बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील, म्हणजे तेथील विद्यापीठाच्या मोठ्या निसर्ग-वस्तुसंग्रहालयातील, एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे गेला. श्ट्रेझेमान हे त्या काळचे थोर पक्षिशास्त्रज्ञ. त्यांनी मुलाची चांगली उलटतपासणी घेतली, त्याचा शब्द मान्य केला आणि सुटीत येऊन आमच्याकडे काम कर, असे सांगितले. मायर वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्याने वैद्यक सोडले आणि जून १९२६ मध्ये, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्याने डॉक्टरेट मिळविली. पुढे उत्क्रांतिशास्त्रात विसाव्या शतकाच्या अग्रणींत त्याची गणना झाली.

त्याच श्ट्रेझेमान यांच्याकडे आणखी दोन माणसे आली, आणि दोघांपाशीही या शास्त्रातली डॉक्टरेट नव्हती. एक होत्या अमेरिकेतील मार्गारेट मोर्स नाइस. पाच मुलींची ही आई. ओहायोतील कोलंबस येथे घराजवळच्या नदीकाठी साँग स्पॅरो नावाच्या चिमणीजातीय पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून त्या एकेका पक्ष्याचा जीवनक्रम नोंदवीत असत. त्यांचा दीर्घ प्रबंध श्ट्रेझेमान यांनी आपल्या जर्मन नियतकालिकात १९३३ आणि १९३४ साली छापला. दुसरा माणूस आपल्या मुंबईचा. त्याचे नाव सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवापांवेगळा हा मुलगा मामाच्या घरी वाढला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या कंठाची एक चिमणी घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तेथील कार्यवाह मिलर्ड यांनी त्याला कपाटे उघडून भुसा भरलेले पक्षी दाखविले, ही हकीकत आपणांस ठाऊक असेल. ही सोसायटी १८८३ साली आठ जणांनी स्थापन केली. त्यांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे आपल्याकडचे दोन डॉक्टर होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. सखाराम अर्जुन हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. सुधारणेची आणि निसर्गशास्त्राची वाट मुंबईत एकाच अंगणातून गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

सलीम अलींचे कॉलेजशिक्षण अर्धवट राहिले. मधली काही वर्षे ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या धंद्यात होते. परत आल्यावर थोडे हिशेबशास्त्र, थोडे प्राणिशास्त्र शिकले. पदवी मात्र हाती आली नाही. सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही, त्याचे कारण हेच. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते दरमहा ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याते झाले. दोन वर्षांनी त्यांनी अभ्यासरजा घेतली आणि ते बर्लिनला श्ट्रेझेमान यांच्याकडे गेले. तेथे ब्रह्मदेशातून आलेल्या पक्ष्यांच्या संग्रहावर त्यांनी काम केले. हेलिगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची विद्या हस्तगत केली. पदवी आणली नाही, कसब आणले.

१९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! एका बाजूला पदवी नाही, दुसऱ्या बाजूला नोकरी नाही. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहावयास गेले. तेथे घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळा सुरू झाला, घरट्यांची वीण सुरू झाली, आणि हा बेकार माणूस आडोसा करून तासन्‌तास त्यांच्यासमोर बसू लागला.

त्याने काय पाहिले? आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो, विणकामाचे सारे श्रेय बाईला देतो. वस्तुतः घरटे विणतो तो नर. अर्धे घरटे झाले की माद्या येऊन ते तपासतात. एखादीला पसंत पडले की ती आत शिरते. मग नर ते पुरे करतो, खाली उतरणारी नळी विणतो. ती अंड्यांवर बसली की हा जवळच दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एकामागून एक अशा अनेक माद्यांशी नराचा संसार चालतो, ही गोष्ट सलीम अलींनी तेथे शोधून काढली. १९३१ साली तो निबंध सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्यांच्या नावाला देशाबाहेर वजन आले. या कामाच्या मागे विद्यापीठ नव्हते, मस्टर नव्हते. होती ती बर्लिनची शिकवण आणि किहीमचे ते झाड.

दुसरे दार ऑक्सफर्डचे. तेथे विद्यापीठात एडवर्ड ग्रे यांच्या नावाने १९३८ साली पक्षिसंशोधनाची संस्था निघाली. ग्रे हे एके काळचे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री आणि पुढे त्या विद्यापीठाचे कुलपती. १९४५ मध्ये या संस्थेचे प्रमुख झाले डेव्हिड लॅक. हे लॅक महायुद्धापूर्वी शाळामास्तर होते! शाळेच्या आवारातील रॉबिन पक्ष्यांना रंगीत कडी घालून त्यांनी केलेल्या निरीक्षणांचे पुस्तक १९४३ साली निघाले, आणि त्या पुस्तकाने त्यांना ओळख दिली.

१९४७ मध्ये लॅक यांनी ऑक्सफर्डजवळच्या वायटमच्या जंगलात सुमारे शंभर लाकडी पेट्या झाडांना बांधल्या. ग्रेट टिट नावाचा चिमणीएवढा पक्षी झाडाच्या ढोलीत घरटे करतो. ढोलीऐवजी पेटी दिली तरी चालते. आज अशा पेट्या हजाराच्या घरात आहेत आणि नोंद अजून चालू आहे. तेथे नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचे काम ऐकाल तर आपणांस मुकादमाच्या वहीची आठवण होईल. प्रत्येक पेटीला क्रमांक. वसंतात दर आठवड्याला प्रत्येक पेटीपाशी जावयाचे, झाकण उघडावयाचे, लिहावयाचे: पहिले अंडे कोणत्या तारखेला, एकूण अंडी किती, पिले किती निघाली. पिले पंधरा दिवसांची झाली की वजन घ्यावयाचे आणि पायात क्रमांकाची कडी घालावयाची. आईबापांना पेटीतच धरून त्यांची कडी वाचावयाची. पाऊस असो, ताप असो, पेटी चुकवून चालत नाही. एक आठवडा गाळला तर त्या पेटीचे वर्ष वाया जाते.

या वहीतून लॅक यांना जे दिसले ते आमच्यासारख्या मजुरीच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला पटकन कळते. मादी आणखी दोन अंडी का घालीत नाही? कारण तोंडे वाढली की प्रत्येक चोचीत जाणाऱ्या अळ्या कमी होतात, पिलांचे वजन घटते आणि हलकी पिले उडाल्यानंतर फारशी जगत नाहीत. जितकी पोसता येतील तितकीच, हा निसर्गाने घातलेला हिशेब आहे.

परंतु त्या वहीची खरी किंमत पुढे कळली. १९६१ पासूनच्या ४७ वर्षांच्या नोंदी एकत्र मांडून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले की, वायटमची ग्रेट टिट पूर्वीपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालू लागली आहे. वसंत लवकर उबदार होतो, ओकच्या पानांवरच्या अळ्या लवकर निघतात, आणि पक्ष्यांनीही आपली वेळ मागे ओढली आहे. पृथ्वीच्या तापण्याची ही साक्ष एका विद्यार्थ्याच्या तीन-चार वर्षांत मिळाली नसती. एकाने वही ठेवली, दुसऱ्याने उचलली. जे विद्यार्थी आले, भिजले, मोजून गेले, त्यांतल्या बहुतेकांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. पण एकानेही खोटी तारीख लिहिली असती तर सारी साक्ष कच्ची पडली असती. संशोधन-गटात शिरणे म्हणजे या वहीचा वारस होणे, असे आम्ही समजतो.

तिसरे दार पुन्हा मुंबईचे. ज्या सलीम अलींना पदवी नाही म्हणून जागा मिळाली नव्हती, त्यांनाच पुढे मुंबई विद्यापीठाने एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक विजयकुमार आंबेडकर. त्यांनी विषय घेतला तोही सुगरणींचा. त्यांचा ग्रंथ १९६४ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. किहीमच्या झाडाखाली बेकारीत सुरू झालेले काम असे चौतीस वर्षांनी विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी छापले गेले. १९५८ मध्ये अलीगढ विद्यापीठाने सलीम अलींना सन्मान्य डॉक्टरेट दिली. दाराबाहेर ठेवलेला माणूसच दाराचा राखणदार झाला, आणि त्याने दार उघडे ठेवले.

येथवर वाचून झाल्यावर आम्हांला प्रथम वाटले की, संस्थेचेच म्हणणे खरे. मायरने सुटीत फुकट काम केले, सलीम अली बिनपगारी किहीमला बसले, नाइसबाईंना कोणी दमडी दिली नाही. मग आमच्या मुलीने सहा महिने का काढू नयेत?

परंतु युनियनच्या माणसाला एक वाईट खोड असते. तो पगारपत्रक उलटून पाहतो. आम्हीही ते पाहिले. मायरचे वडील न्यायखात्यातले कायदेपंडित होते.  नाइसबाईंचे पती विद्यापीठात प्राध्यापक होते. लॅक रॉबिन पाहत होते तेव्हा त्यांना शाळेचा पगार मिळत होता. सलीम अली बर्लिनला गेले ते अभ्यासरजेवर, आणि किहीमला डोक्यावर आप्तांचे छप्पर होते. म्हणजे उमेदवारी यांतल्या कोणाचीच फुकट झाली नाही. तिचा पगार दुसऱ्या कोणत्या तरी दारातून येत होता; मस्टरवर तो दिसत नव्हता, एवढेच.

यात त्या माणसांचा मोठेपणा कमी होत नाही. किहीमला घर असलेले पुष्कळ होते; सुगरणींसमोर पावसाळाभर बसला तो एकच. परंतु ज्यांना घर नव्हते, त्यांतल्या कितीजणांना बसताच आले नाही, याची वही कोणी ठेवलेली नाही. ती न लिहिलेली वही आमच्या मनातून जात नाही. मागावरच्या कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. त्याचा माग आठ दिवस बंद राहिला तर आठ दिवस चूल मंद होते. त्याच्या मुलीने सहा महिने स्वखर्चाने परगावी राहावे, असे लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष नसेल. पण त्या एका ओळीने दाराला कुलूप लागते, हे त्याला दिसत नाही. पूर्वी पदवी विचारून माणूस बाहेर ठेवीत. आता पदवी घेऊन आलेल्या मुलीला घरची शिल्लक विचारतात. कुलूप बदलले, दार तेच.

हा प्रश्न एका मुलीचा नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात, नेट परीक्षेशिवाय संशोधन करणाऱ्यांना केंद्रीय विद्यापीठांत मिळणारे विद्यावेतन बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा दिल्लीत विद्यार्थी अनुदान आयोगाच्या कचेरीपुढे ठाण मांडून बसले. ती रक्कम होती पीएच.डी.ला दरमहा ८,००० रुपये. दुसऱ्या बाजूला, नेटमधून निवड झालेल्यांची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१,००० वरून ३७,००० करण्यात आली. एकाच रानात, एकाच वहीत लिहिणाऱ्या दोघांच्या ताटांत एवढे अंतर! आणि बिनवेतन मदतनिसाचे तर ताटच मांडलेले नसते.

सलीम अलींना हे कळत असावे असे आम्हांला वाटते. १९७० नंतरच्या दशकात त्यांना पॉल गेटी पारितोषिक मिळाले. त्या पैशातून त्यांनी निसर्गरक्षणाचा एक निधी उभा केला. जागा पैशाअभावी रद्द होते म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्याला निधीचे मोल सांगावे लागत नाही.

आता त्या मुलीचे काय झाले, ते सांगून आवरते घेतो. आठ दिवसांनी आम्ही तिला बोलाविले आणि म्हणालो, "अगं, उमेदवारी कर, पण फुकट नको. दुसरीकडे अर्ज लिही." अर्जात तीनच गोष्टी असाव्यात, असे ठरले. पहिली, स्वतः काय पाहिले. पंचगंगेच्या काठच्या बाभळींवर दोन पावसाळे तिने सुगरणींची घरटी मोजली होती. ऊसाच्या पानांच्या चिरट्यांनी विणलेली किती, गवताची किती, अर्धी सोडून दिलेली किती, हे सारे तिच्या वहीत होते. दुसरी, त्यातून कोणता प्रश्न उभा राहिला. तिसरी ओळ आमची: विद्यावेतन किती, कोणत्या महिन्यापासून, आणि हजेरी कोणाच्या मस्टरवर? तिला ती ओळ उद्धट वाटत होती. आम्ही सांगितले, "कामाची गोष्ट विचारणे उद्धटपणाचे नसते. ती पहिल्या दिवशी विचारली नाही तर पुढे भांडून विचारावी लागते."

दुसऱ्या एका ठिकाणाहून उत्तर आले. त्यात आकडा होता आणि महिना होता. त्याशिवाय तिच्या नोंदींवर चांगले टोकदार दोन प्रश्न होते. त्या प्रश्नांनी आमचे अधिक समाधान झाले. श्ट्रेझेमान यांनी मायरची उलटतपासणी घेतली होती ती आम्हांला आठवली. ज्याला तुमच्या नोंदीत दोष दिसतो, त्याने ती वाचलेली असते.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिच्या घरी गेलो होतो. पोरीने रिकामे झालेले एक घरटे आणून भिंतीला टांगले होते. बापाने ते हातात घेतले, उलटेसुलटे केले, वीण बोटाने चाचपली. "हे कुठल्या मागावर विणलंय गं?" त्याने विचारले.

"माग नाही बाबा, चोचीनं," ती म्हणाली. "आणि विणणारी ती नव्हे, तो."

बाप हसला. "मग त्यालाही घरटं पसंत पडेस्तोवर मजुरी नाही म्हण की!"

मित्रहो, पाखराच्या जगात तसा नियम असेल. माणसाच्या जगात नियम आपण करतो. या सभागृहात प्राध्यापक आहेत, संस्थाचालक आहेत, शिष्यवृत्तीसाठी देणगी देऊ शकणारे व्यापारी आहेत. त्यांना आमचे मागणे एवढेच की, आपल्या खात्यात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराचे नाव पहिल्या दिवसापासून मस्टरवर घाला आणि त्यापुढे आकडा लिहा. उलटतपासणी खुशाल कठोर घ्या; पेटी चुकली तर रागवा; खोटी तारीख लिहिणाऱ्याला घरी पाठवा. पण दारात उभ्या राहिलेल्या मुलीला तिच्या बापाची शिल्लक विचारू नका. वायटमची वही शेकडो हातांनी लिहिली गेली. आपल्या नद्यांची, माळांची, बाभळींची वही अजून बरीचशी कोरी आहे, आणि ती लिहू शकणारे हात आपल्या वस्त्यांतून आहेत.